मधल्या खुर्चीवरचा कॅप्टन

“यात माझं नाव न्हाई, म्याडम,” असं म्हणून दिगंबरमामांनी डमी माझ्याकडे परत सरकवली. डमी म्हणजे छपाईआधी पानं लावून बांधलेला नमुना. मी बीड जिल्ह्यातल्या शाळांच्या, सहकारी संस्थांच्या स्मरणिका करून देते. आपलं नाव राहिलं म्हणणारा एक तरी माणूस प्रत्येक वेळी निघतोच. म्हणून मी वाद न घालता चहा मागवला.

ही आष्टी तालुक्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याची शाळा. सुवर्णमहोत्सव होता आणि शाळेच्या ज्युनिअर हॉकी टीमसाठी आठ पानं राखली होती. मामा ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम होते, आता थकून घरी बसलेले. त्यांचं म्हणणं एकच, टीमचा पहिला कॅप्टन मी.

ते गेल्यावर शाळेचे सचिव हसायला लागले. गावात त्यांना ‘कप्तान’ म्हणूनच चिडवतात, तुम्ही मनावर घेऊ नका, म्हणाले. हॉलमधल्या कॅप्टनांच्या बोर्डावर पहिलं नाव तात्यांचं आहे. तात्या म्हणजे कारखान्याच्या चेअरमनचे थोरले भाऊ. बोर्ड कशावरून रंगवला, असं मी सहज विचारलं.

“तुमच्याच रौप्यमहोत्सवी स्मरणिकेवरून की.”

घरी येऊन जुनी फाइल काढली. तेव्हा मी धंद्यात नवी होते आणि माझ्याकडे आधार होता फक्त एका टीम फोटोचा. मागे नावं होती, पण कॅप्टन कोण ते लिहिलेलं नव्हतं. तात्या मधल्या खुर्चीवर, मांडीवर बक्षिसाची ढाल. मधला तो कॅप्टन असं धरून मी कॅप्शन ठोकून दिली होती.

दिगंबर मात्र त्या फोटोत कुठेच नव्हते. पहिला कॅप्टन टीमच्या पहिल्याच फोटोत नाही, हे कसं? आता मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सरळ मामांचं घर गाठलं.

“फोटोत का म्हून नव्हतो म्हंजे? कोयत्यावर गेलतो की,” मामा म्हणाले. कोयत्यावर जाणं म्हणजे ऊसतोडीला जाणं. त्या साली दुष्काळ होता. ऊसच नसल्यामुळे आपल्या कारखान्याचं गाळप, म्हणजे ऊस गाळून साखर करणं, झालंच नाही. दिवाळी होताच निम्मी टीम आईबापांबरोबर कोल्हापूरकडे गेली. ढालीची स्पर्धा आणि फोटो, दोन्ही त्यानंतरचं.

ऐकायला पटत होतं, पण मला कागद हवा होता. शाळेच्या स्टोअररूममध्ये दोन दिवस धूळ खाल्ल्यावर पी.टी.च्या सरांचं साहित्य वाटपाचं रजिस्टर सापडलं. त्या काळी स्टिक आणि बॉल कॅप्टनच्या सहीवर मिळत. पहिल्या पानापासून दिवाळीपर्यंत दर आठवड्याला एकच वळणदार सही, दिगंबर. दिवाळीनंतर तात्यांची. मी स्टोअररूममध्ये एकटीच हसले.

सचिवांचं हसू मात्र गेलं. चेअरमनच्या घरचं नाव खाली घ्यायचं, तर आधी तात्यांना विचारा आणि तुम्हीच विचारा, म्हणाले. मी रजिस्टर घेऊन भीतभीतच तात्यांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून दोन्ही सह्या पाहिल्या.

“दिगंबरच कप्तान व्हता. त्यो गेला म्हणून सरांनी मला केलं.”

“म्हणजे कॅप्टन म्हणून मधली खुर्ची तुम्हाला मिळाली?”

“छे, माझ्या पायात बूट व्हते. बाकी समदे अनवाणी. फोटोवाला म्हनला, बुटाचं पोरगं मधी घ्या.”

“तात्या, बोर्डावर इतकी वर्षं तुमचं नाव आहे. बोलला का नाहीत?”

“तुमी छापलं, आमी वाचलं. इचारलं कुणी?” मग चष्मा काढत म्हणाले, “आन् खरं सांगू, बरं वाटायचं.”

बोर्डवाल्या पेंटरला फोनही त्यांनीच लावला.

नव्या पानाचं प्रूफ घेऊन मी मामांकडे गेले. त्यांनी ओळीवर बोट ठेवून नाव दोनदा वाचलं. मला वाटलं, खूश होतील. ते म्हणाले, “बोर्ड लागला तवापास्नं गाव हसलं, त्याचं काय न्हाई. बायकोबी म्हनायची, कशाला थापा मारता. ती तसंच समजून वारली.”

मला तिथे बसवेना. माझी एक आळशी कॅप्शन यांच्या संसारात इतकी आत शिरली असेल, हे कधी डोक्यातही आलं नव्हतं. परत येऊन संपादकीयात एक ओळ घातली: ‘पहिल्या कॅप्टनचं नाव इतकी वर्षं चुकलं, ते माझ्यामुळे.’

छापखान्यातून फोन आला. ही ओळ चुकून पडलीय वाटतं, काढू का? म्हटलं, राहू द्या.

आता कॅप्शन लिहिण्याआधी मी फोटोतल्या माणसांना विचारते. आणि त्या दिवशी कोण आलं नव्हतं, तेही.