पार्सल उघडेपर्यंत

लढाईच्या काळात मानोऱ्याहून आमच्या गावी पार्सलं आणणारा टपालवाला फार उशीर करी. सकाळी यायचं पार्सल दिवस कलता कलता मिळे, कारण हा गृहस्थ दर घरी ओसरीवर बसकण मारायचा. ना पाणी मागे, ना गप्पा मारी. घरचे पार्सल उघडेपर्यंत नुसता बसून राही. मला त्याचा भारी राग यायचा.

दादा पलटणीत होता आणि कित्येक महिने त्याची खबर नव्हती. एके दिवशी मेणकापडात शिवलेलं पार्सल आलं. वरचा पत्ता दादाच्या हातचा नव्हता. आई ते न उघडता उराशी धरून बसली. टपालवाल्यानं पायताण काढलं, फेटा उतरवून मांडीवर ठेवला आणि तो खाली बसला.

मी खेकसलो, "तुमी काहून बसून राह्यले? जा ना आता!"

तो हळू आवाजात म्हणाला, "एका मायले मी दारातूनच आवाज देल्ला होता, खुशालीचं हाय म्हणून. आत तिच्या मेलेल्या पोराचे कपडे निंगाले. मी तवा पुढच्या गावाच्या वाटेले लागलो होतो. तिच्याजवळ घरात कोणीच नवतं."

मी आईजवळ जाऊन बसलो. आईनं टाके उसवले. आत तिच्यासाठी लोकरीची शाल होती आणि घडीत दादाच्या अक्षरातली चिठ्ठी.

आई रडत रडत हसली, तेव्हा तो उठला. फेटा बांधताना स्वतःशीच पुटपुटला, "खुशालीचं हाय."

त्याच्या थैलीत अजून पार्सलं होती.