काचेच्या कपाटातलं खोकं

किर्यू गावात कुरिहाराइतका स्वतःवर खूश असलेला दुसरा माणूस नव्हता, आणि खूश व्हावं असं त्याच्यात काय होतं हे कुणालाच सांगता आलं नसतं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तो मीटरच्या तक्रारी घ्यायचा. त्याच्या हाताखालची पोरं बढती घेऊन वर गेली, हा खिडकीतच राहिला. घरी बायको त्याच्याशी भाताला किती तांदूळ लावू एवढंच बोलायची. पण महिन्यातून एका रविवारी स्टेशनमागच्या कॉफीच्या दुकानात कोपऱ्यातलं टेबल भरायचं, आणि तिथे लोक त्याला चारचौघांसारखं ‘कुरिहारा-सान’ नव्हे, ‘मास्तर’ म्हणायचे.

मास्तर कशाचे, तर जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटींचे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी पोरं ज्या टीव्हीला जोडून खेळायची, त्या. कुरिहारा दर शनिवारी आपली डबीएवढी गाडी काढायचा आणि चार गावांतली जुन्या सामानाची दुकानं पालथी घालायचा. मोडक्या वस्तूंच्या टोपलीत कोपरापर्यंत हात घालायचा आणि दुकानदाराला किंमत ठाऊक नसलेली वस्तू चण्याफुटाण्याच्या भावात उचलायचा. रविवारी ती टेबलावर ठेवून तो आधी वस्तूबद्दल बोलायचा आणि मग दुकानदाराच्या अडाणीपणाबद्दल. दुसरा भाग जास्त लांबायचा.

टेबलावर आणखी दोघे असायचे. मिझोगुची न्हावी होता. शिओदा सोयाबीनचा टोफू करून विकायचा. शिओदाला कुरिहारा अगदी पायरीवरही उभं करायचा नाही, कारण शिओदा तोक्योला जाऊन, मोठ्या दुकानात, लिहिलेली किंमत मोजून वस्तू आणायचा. कुरिहाराच्या लेखी ही शिकार नव्हे, हा बाजारहाट. “पैसे टाकले की माकडालाही मिळतं,” असं तो त्याच्या तोंडावर म्हणायचा. शिओदा हसून साखर ढवळायचा.

कुरिहाराचा पहिला नियम असा, की हवी ती वस्तू कधी विचारायची नाही. तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. गिऱ्हाइकाचे डोळे चमकले की दुकानदार नातवाला बोलावतो, नातू फोन काढतो, फोन किंमत सांगतो, आणि सगळं संपतं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात या माणसाने उभी हयात घालवली आणि त्याला तो विद्या म्हणायचा.

हामानो आजींचं खेळण्यांचं दुकान त्याला सापडलं ते गेल्या हिवाळ्यात, बंद पडलेल्या बाजारगल्लीच्या टोकाला. आजी चौऱ्याऐंशीच्या. नवरा गेला तरी दुकान तसंच ठेवलेलं. आणि गल्ल्यामागच्या काचेच्या कपाटात, कळकट बाहुल्यांच्या मध्ये, एक निळं खोकं उभं होतं. ‘चंद्राचा पहारेकरी’. हा खेळ निघाला आणि महिन्याभरात कंपनीच बुडाली. कुरिहाराने तो आयुष्यात फक्त छायाचित्रात पाहिला होता. कोपऱ्याला चिकटवलेली किंमत तेव्हाचीच होती. आता त्या खोक्यासाठी तोक्योत लोकांनी गाडी विकली असती.

दुसऱ्या कुणी सरळ म्हटलं असतं, आजी, ते निळं जरा दाखवा. कुरिहारा बाहुल्यांकडे बघत राहिला आणि त्याने गोल्फच्या खेळाची एक कॅसेट घेतली. गोल्फचे ते खेळ म्हणजे जुन्या बाजारातला पाला. कुणी फुकट दिले तरी लोक घेत नाहीत.

त्याला एक जुनी रीत ठाऊक होती. कॅसेटींच्या भरभराटीच्या दिवसांत दुकानदार खपणाऱ्या खेळाच्या गळ्यात न खपणारा खेळ बांधायचे. हा हवा ना, मग तोही घे, नाहीतर घरी जा. पोरं रडायची, आया पैसे मोजायच्या. हामानो आजींनी नवऱ्याची ती रीत अजून सोडली नव्हती. गोल्फ घेतला की त्या वर माजाँगच्या सोंगट्यांचा खेळ ठेवायच्या आणि म्हणायच्या, “ही जोडी आहे, साहेब.” कुरिहाराने हिशेब केला. म्हातारीला निळं खोकंही न खपलेलंच वाटत असणार, तीस वर्षं तिथेच तर आहे. आपण मुकाट्याने पाला नेत राहायचं. एक दिवस पाला संपेल आणि ही बाई ते खोकं स्वतःच्या हाताने आपल्या गळ्यात बांधेल.

ही युक्ती त्याला इतकी आवडली की त्याने ती टेबलावर सांगून टाकली. दुकान कुठलं ते सांगितलं नाही, एवढी अक्कल होती. वर जाहीर केलं, की वर्ष संपायच्या आत ‘चंद्राचा पहारेकरी’ या टेबलावर येईल. मिझोगुचीने कप खाली ठेवला. शिओदा म्हणाला, “मास्तर, तेवढं बघायला मिळालं तर माझे डोळे निवतील.” त्या दिवशी कुरिहारा घरी चालत गेला नाही, तरंगत गेला. आणि त्या दिवसापासून त्याच्यापुढे एकच गोष्ट उरली. खोकं आणलं तर तो मास्तर; नाहीतर मीटरच्या तक्रारी घेणारा एक पन्नाशीचा कारकून.

मग सुरू झालं गोल्फ वाहणं. दर शनिवारी गोल्फ, वर माजाँग, कधी मासेमारी, कधी घोड्यांची शर्यत. कुरिहारा खोक्याकडे पाठ करून उभा राहायचा, हवापाण्याच्या गप्पा मारायचा आणि पिशवी उचलायचा. घरी कपाट भरलं, मग पलंगाखालची जागा भरली. बायकोने एकदा विचारलं, गोल्फ खेळायला लागलात की काय. त्याने पिशवी पलंगाखाली आणखी आत सरकवली. आजींचा पाला काही संपेना. एक चळत उचलली की पुढच्या शनिवारी तिथे दुसरी असायची. म्हातारीने किती भरून ठेवलंय, म्हणून तो मनातल्या मनात तिची कीव करायचा.

डिसेंबरात दारावर कागद लागला, की महिनाअखेर दुकान बंद होणार. शेवटच्या शनिवारी कुरिहारा गेला तेव्हा फळ्या रिकाम्या होत्या. गल्ल्यावर एक गोल्फ उरला होता. आजींनी तो कागदात बांधला, मग हात पुसले, कपाटाची काच सरकवली आणि निळं खोकं काढून वर ठेवलं.

“हे तुम्हालाच. पैसे नकोत. वर्षभर आलात.”

कुरिहाराने गोल्फ बाजूला सारला. त्याने दोन्ही हातांनी खोकं घेतलं, आणि घेताक्षणी त्याला कळलं. ज्याने हजारो कॅसेटी उचलल्या त्याच्या हातांना वजन सांगावं लागत नाही. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथे खोकं रिकामं होतं.

“आजी, यातली कॅसेट?”

“ती केव्हाच गेली. नातवाने तोक्योला नेऊन विकली, त्यातून छप्पर केलं. चित्र यांना आवडायचं, म्हणून खोकं ठेवलं हो.”

“तुम्ही बोलला नाहीत कधी.”

“तुम्ही विचारलंत कुठे?” आजींना खरंच नवल वाटलं. “मला आपलं वाटलं, तुम्हाला गोल्फचं वेड आहे. दुकानातले दुसऱ्या महिन्यातच संपले होते. मग ओळखीच्या घाऊकवाल्याची गोदामं धुंडाळायला लावली तुमच्यासाठी. तोही म्हणाला, असा माणूस पाहिला नाही.”

कुरिहाराने वाकून नमस्कार केला. दुसरं काय करणार.

घरी त्याने खोक्यात गोल्फची एक कॅसेट घालून पाहिली आणि काढून टाकली. लाज वाटली म्हणून काढली असं म्हणायला मला आवडलं असतं; पण ती आत खडखडत होती. मग त्याने खोक्याला पारदर्शक प्लास्टिकचं वेष्टन चढवलं. वेष्टन काढायला कोण सांगणार, आणि खोकं तर खोटं नव्हतं.

रविवारी ते टेबलावर आलं तेव्हा दोघांनी आपापले कप बाजूला सारले. केवढ्याला, असं मिझोगुचीने विचारलं. “फुकट,” कुरिहारा म्हणाला. आयुष्यातली सगळ्यात स्वस्त शिकार, आणि शब्दही खरा.

शिओदाने हात रुमालाला पुसले आणि खोकं दोन्ही हातांनी उचललं. ते उचललं आणि तो थांबला. टोफूवाल्याच्या हातांनाही वजन कळतं. त्याने कुरिहाराकडे पाहिलं नाही. खोकं डोळ्यांजवळ नेलं, चित्र नीट पाहिलं आणि मिझोगुचीकडे दिलं. मिझोगुचीही क्षणभर थांबला. मग म्हणाला, की रंग फार चांगले राहिलेत, मास्तर. वेष्टनाला कुणी बोट लावलं नाही.

कुरिहारा बोलायला लागला. म्हातारी, तिचं दुकान, तिचा अडाणीपणा. पण गोष्ट त्याच्या तोंडातच विरली आणि दोघांनी कॉफी संपवली.

त्या टेबलाचा एक रिवाज होता, की घबाड आणणाऱ्याने सगळ्यांची कॉफी द्यायची. कुरिहाराने बिलाच्या चिठ्ठीकडे हात नेला. त्याच्याआधी शिओदाने ती उचलली होती.

“आज माझ्याकडे, कुरिहारा-सान,” तो हळू आवाजात म्हणाला, आणि पैसे द्यायला गेला.