अकरावा नियम

ऑफिसात तिला सगळे भरतीबाई म्हणत, आणि तिने ते कधी मनाला लावून घेतलं नाही. कामच तसं होतं. पुस्तक छापताना एका मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापतात, त्याला फर्मा म्हणतात. लेखक काही फर्म्याच्या हिशेबाने लिहीत नाहीत. मजकूर अधेमधेच संपतो आणि शेवटी काही पानं कोरी राहतात. ही कोरी पानं साहेबांच्या डोळ्यांत खुपत. "बाई, वाचकाला कोरा कागद हवा असता तर त्याने वही नसती का घेतली?" असं म्हणत ते प्रुफांचा गठ्ठा तिच्या टेबलावर आपटत, आणि बाई भर घालायला बसे. बागकामाच्या पुस्तकात गांडुळाचे गुण, पत्रलेखनाच्या पुस्तकात सांत्वनपत्राचे आणखी दोन नमुने. विषय कोणताही द्या, पानभर ठाम मजकूर हजर. माहिती असो नसो, ठामपणात ती कधी कमी पडली नाही.

'कादंबरी लिहा, हमखास!' हे पुस्तक तर पहिल्या पानापासून तिचंच होतं. साहेबांना कुठून तरी कळलं होतं की हल्ली कादंबऱ्या वाचणाऱ्यांपेक्षा लिहू पाहणारे जास्त आहेत. त्यांनी कपाटातली लेखनावरची जुनी पुस्तकं तिच्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "यातलं लोणी काढा." तिने दहा नियम काढले. लेखक म्हणून 'आचार्य' असं भारदस्त नाव टाकलं गेलं. मागच्या पानावर साहेबांच्या दिवंगत मामांचा फोटो. मामांनी जन्मभर चष्म्याचं दुकान चालवलं, कादंबरी लिहिणं सोडाच, वाचलीही नव्हती, पण दाढी काय होती म्हणता! फोटोखाली लिहिलं, 'अनेक कादंबऱ्यांचे जनक'. त्याखाली 'एक यशस्वी लेखिका' आणि 'एक कृतज्ञ वाचक' यांचे गौरवाचे चार शब्द. लेखिकाही हीच, वाचकही हीच.

पुस्तक छपाईला गेलं आणि शेवटचा फर्मा भरेना. खालच्या छापखान्यातला मशीनवाला दारात येऊन उभा राहिला. "बाई, मशीन थांबलंय. काय ते द्या लवकर." तिने उभ्याउभ्याच अकरावा नियम लिहून दिला. 'जे प्रकरण लिहिताना तुमच्या डोळ्यांत पाणी आले, ते प्रकरण काढून टाका. ते तुम्ही स्वतःसाठी लिहिले आहे. वाचकाला त्याचे काही देणेघेणे नाही.' पुढे तेच उलटसुलट करून पानं भरली. हा नियम कुठल्याही जुन्या पुस्तकात नव्हता. कागद भरायचा होता, तो भरला. मशीन सुरू झाल्याचा आवाज खालून आला तेव्हा तिला जरा बरंही वाटलं.

घरी तिने या पुस्तकाचा विषय काढला नाही. साहेबांची सक्त ताकीद होती की आचार्य कोण हे बाहेर फुटलं तर टेबल रिकामं करायचं. नवऱ्याला काम कधी असे, कधी नसे. टेबल रिकामं होणं त्या घराला परवडणारं नव्हतं. म्हणून तिने तोंडाला कुलूप घातलं.

घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी पाठ ताठ, आवाज स्वच्छ, आणि समोरचा बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही ही सवय पक्की. घरच्या फोनवरसुद्धा त्या "बोला, मी ऐकतेय" एवढंच म्हणत आणि थांबत. समोरच्याला मग खरं बोलण्यावाचून गत्यंतर नसे. तर या सासूबाई एका सकाळी जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसल्या आणि कादंबरी लिहायला लागल्या. नवरा हसला. सून हसली नाही, पण तिला वेळही नव्हता.

एक प्रकरण पुरं झाल्यावर त्यांनी ते सुनेच्या हातात दिलं होतं. "बाकीचं राहू दे. हे एवढं वाच, आणि खरं काय ते सांग. तू त्यातली आहेस." त्या आठवड्यात प्रुफांचा डोंगर होता. कागद तिच्या पिशवीत ऑफिसला गेले, ऑफिसातून घरी आले, पुन्हा गेले. वाचीन वाचीन म्हणत शेवटी तिने ते तसेच परत केले. "छान आहे, आई." सासूबाईंनी तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि कागद फडताळात ठेवले. अकरावा नियम त्यानंतरचा.

आणि आज सकाळी ते पुस्तक चहाच्या कपाशेजारी पडलेलं होतं. सासूबाईंनी वाचनालयातून आणलं होतं. कव्हरावरची अक्षरं सुनेने लांबूनच ओळखली.

"तुमच्याच ऑफिसचं ना गं हे?" सासूबाईंनी विचारलं.

"हो."

"मग मला एक सांग. हा आचार्य विश्वास ठेवण्यासारखा आहे का?"

तिने चहाचा घोट घेतला. तो नको तेवढा गरम होता. "मोठे आहेत म्हणतात."

"म्हणतात ते जाऊ दे. तुला काय वाटतं?"

"माझी कुठे एवढी ओळख आहे, आई."

सासूबाईंनी मान हलवली. "बरं. मी सगळे नियम पाळलेत. दहा पाळायला सोपे गेले, अकरावा राहिला होता. काल तोही पाळला. तुला वाचायला दिलेलं ते टेलिफोनचं प्रकरण काढून टाकलं. तुझ्या सासऱ्यांचं."

सासरे कारखान्यातल्या अपघातात गेले एवढंच तिला माहीत होतं. नवरा तेव्हा रांगत होता, त्याला त्याहून जास्त ठाऊक नव्हतं. त्या दिवसाबद्दल या घरात कधी कुणी बोललेलं नव्हतं, आणि जे बोललं गेलं नव्हतं ते त्या कागदांत असणार हे तिला आत्ता, चहा संपत आल्यावर कळलं.

"काढून टाकलं म्हणजे? ठेवलंत ना कुठे?"

"काढलं म्हणजे काढलं. जिन्याखालच्या रद्दीच्या पेटीत आहे. आणि दुपारी मी तुमच्या ऑफिसात येणार आहे. आचार्यांना भेटून विचारते, आता तरी झाली का माझी कादंबरी."

त्याच वेळी खालून नवऱ्याने हाक मारली, बस आली होती. ती जिना उतरली. रद्दीच्या पेटीपाशी तिचे पाय घुटमळले. पेटीला कुलूप होतं, किल्ली इमारतीच्या झाडूवाल्याकडे, आणि तो कुठे दिसेना. बसवाल्याने हॉर्न दिला. संध्याकाळी आल्याबरोबर काढू, असं म्हणून ती धावली. बस वळणावर गेल्यावर तिला आठवलं की रद्दीची गाडी आजच येते.

ऑफिसातून तिने घरी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. सासूबाई निघाल्या असणार. नवरा कुठेतरी कामाच्या शोधात. शेवटी ती साहेबांच्या खोलीत गेली आणि चाचरत म्हणाली, "आज माझ्या सासूबाई येताहेत. आचार्यांना भेटायला."

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "सांगा, दौऱ्यावर आहेत."

"साहेब, त्यांनी अकरावा नियम खरा मानलाय."

"मग उत्तम! वाचक असा हवा." ते 'कथा लिहा, हमखास!'ची अनुक्रमणिका करत होते. "आणि बाई, घरचं माणूस आहे म्हणून पाघळू नका. काय ठरलंय ते लक्षात आहे ना?"

ती टेबलाशी येऊन बसली. समोरचं प्रूफ तिने तीनदा वाचलं आणि एक अक्षर डोक्यात शिरलं नाही. दार करकरलं की ती मान वर करून बघे. एकदा शाईवाला आला, एकदा वारा. तिला वाटलं, न येवोत. मग वाटलं, लवकर येवोत, म्हणजे निदान किल्लीसाठी झाडूवाल्याला कुठे गाठायचं ते तरी विचारता येईल. स्वतःच लिहिलेल्या दोन ओळींची एवढी भीती तिला जन्मात वाटली नव्हती.

सासूबाई आल्या त्या इस्त्रीची साडी नेसून, कादंबरीचा गठ्ठा छातीशी धरून. साहेब लगबगीने बाहेर आले, त्यांना खुर्ची दिली, आणि आचार्य दौऱ्यावर असल्याचं फार दुःखी चेहऱ्याने सांगितलं.

"हरकत नाही," सासूबाई म्हणाल्या. "तुम्हीच सांगा. त्यांची स्वतःची कादंबरी कोणती?"

"अनेक आहेत."

"एखादीचं नाव?"

"सध्या बाजारात उपलब्ध नाहीत. सगळ्या आवृत्त्या संपल्या."

"वाचनालयातही नाहीत. तिथल्या बाईंनी सगळं कपाट धुंडाळलं." सासूबाईंनी पुस्तक उलटं केलं आणि फोटोवर बोट ठेवलं. "आणि यांच्या चष्म्याला काचा नाहीत."

सुनेने फोटोकडे पाहिलं. इतक्यांदा पाहिला होता, पण कधी लक्षात आलं नव्हतं. मामांनी दुकानातली नुसती फ्रेम घालून फोटो काढला होता. साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "अहो, लेखकाची नजर आतली असते," ते म्हणाले, आणि स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन पुढे बोलत राहिले. "आचार्य नेहमी सांगतात, लेखकाने निर्दय व्हायला हवं. तुम्ही ते प्रकरण काढलंत ना? शाब्बास. अगदी योग्य केलंत."

सासूबाई साहेबांकडे पाहत नव्हत्या. त्या सुनेकडे पाहत होत्या. मध्ये बोलत नव्हत्या. वाट पाहत होत्या.

"आचार्य नाहीतच, आई," सून म्हणाली.

"बाई!" साहेब ओरडले.

"नाहीत. कधीच नव्हते. हे यांचे मामा. पुस्तक मी लिहिलंय. दहा नियम इकडून तिकडून घेतले, आणि अकरावा तर मी उभ्याउभ्याच मनाने ठोकून दिला, फर्मा भरत नव्हता म्हणून. त्याला काही अर्थ नाही, आई. काही म्हणजे काही नाही. मी सकाळीच सांगायला हवं होतं, माझी हिंमत झाली नाही. चला, गाडी यायच्या आत घरी जाऊ, पेटी उघडायला लावू."

साहेबांनी आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. त्यांनी काही म्हणायची गरजही नव्हती. टेबलाचं काय होणार ते तिला कळलं होतं.

सासूबाई जागच्या उठल्या नाहीत. "गाडी येऊन गेली. मी निघाले तेव्हा पेट्या रिकाम्या करत होते."

सुनेने उचललेली पिशवी पुन्हा टेबलावर ठेवली.

"तू लिहिलंयस हे मला ठाऊक होतं," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "पहिल्या चार पानांतच ओळखलं. आयुष्यभर मी आवाजावरून माणसं ओळखलीत, गं. भाजीत मीठ कमी पडलं तरी तू याच थाटात सांगतेस. त्या दाढीवाल्यावर माझा काय विश्वास बसणार? तुझ्यावर होता, म्हणून तर सगळे नियम पाळले."

"मग सकाळी मला विचारलंत ते?"

"तू सांगतेस का ते बघत होते."

खाली मशीन सुरू झालं आणि जमीन थरथरू लागली. सासूबाईंनी आवाज थोडा चढवला.

"अकरावा वाचला तेव्हा मला वाटलं, हा माझ्यासाठीच आहे. मी तुला म्हटलं होतं, खरं काय ते सांग. तू छान आहे म्हणालीस, पण तुझा चेहरा काही तसं म्हणत नव्हता. मग पुस्तकात हे आलं. म्हटलं, बिचारीला तोंडावर सांगता आलं नाही, म्हणून आडून सांगितलं. तिने वाचलं आणि तिला वाटलं, हे म्हातारीने स्वतःच्या रडण्यासाठी लिहिलंय, याचं कुणाला काही देणंघेणं नाही. राग नाही आला मला. तुला त्यातलं कळतं."

सुनेपाशी खोटं बोलायला आता काही उरलं नव्हतं, आणि खरं होतं ते त्याहून वाईट होतं.

"आई, मी ते वाचलंच नव्हतं."

सासूबाईंचा चेहरा त्या दिवसात पहिल्यांदा हलला. कागद रद्दीत गेले हे सांगताना हलला नव्हता. त्यांनी छातीशी धरलेला गठ्ठा मांडीवर ठेवला, त्याच्या कडा हाताने सारख्या केल्या, पुन्हा केल्या.

"एकही पान नाही?"

"एकही नाही."

"अगं, मग मी कुणाचं ऐकून टाकलं ते?"

ती खाली बसली. खुर्ची नव्हती, जमिनीवरच बसली, सासूबाईंच्या पायांशी, प्रुफांच्या गठ्ठ्यांमध्ये. माफी मागायला तोंड उघडलं आणि मिटलं. माफीसुद्धा भरतीसारखी वाटली असती.

"परत लिहिता येईल का, आई?"

"नाही." सासूबाई खिडकीकडे पाहत राहिल्या. "एकदा लिहिलं तेवढं पुरे झालं. आता हात धजणार नाही."

"मग सांगाल?"

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या कानामागे नेहमीची लाल पेन्सिल होती. तिने ती काढली आणि टेबलाखाली सरकवून दिली.

"बोला," ती म्हणाली. "मी ऐकतेय."

सासूबाईंनी पाठ ताठ केली आणि ऑपरेटरच्या त्या स्वच्छ आवाजात सुरुवात केली. "दुपारची ड्यूटी होती. कारखान्यातून कॉल आला आणि पलीकडच्याने नंबर मागितला. तो आपल्या शेजाऱ्यांचा नंबर होता. घरी फोन नव्हता ना, आपले निरोप त्यांच्याकडेच येत. मी जोडून दिला. आणि जोडल्यावर ऐकायचं नसतं, तरी मी कान लावून ठेवला."