दोन जादा पाटे

‘माझ्या परदेशी शॉक अ‍ॅब्सॉर्बरमुळेच बाबांची गाडी मऊ झाली,’ असे आमचे खराडीचे जावई आजही चारचौघांत सांगतात. काल फाटकाच्या बिजागरीला ग्रीस लावताना त्या वासाने ती दुपार जशीच्या तशी समोर आली.

आयटीच्या भरभराटीत लोक नव्या गाड्या घेत होते. मी मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याची जुनी मोटार घेतली. खड्ड्यात तिची मागची बाजू अशी आदळे, की पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर पत्नीने बजावले, ‘अहो, एक तर ही विका, नाहीतर मी रिक्षाने जाईन.’

मी गाडीखाली शिरलो. कांद्याची पोती वाहण्यासाठी व्यापाऱ्याने मागच्या स्प्रिंगमध्ये दोन जादा लोखंडी पाटे घातले होते; पोत्यांचे ओझे नसताना त्यांमुळे स्प्रिंग दबतच नसे. ते मी काढले, उरलेल्यांचा गंज घासला, मध्ये ग्रीस भरले.

जावई हसले. ‘बाबा, राहू द्या. माझ्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे पार्सल येतेच आहे.’

‘येऊ द्या. तोवर आम्ही फिरून येतो.’

ते उत्तर आज मला जरा उद्धट वाटते. चुकीचे मात्र वाटत नाही. कारण त्या दुपारी गाडीला जुनेच शॉक अ‍ॅब्सॉर्बर होते, आणि कोथरूड येण्यापूर्वीच पत्नी मागच्या सीटवर गाढ झोपली होती.