दोन धारा बघून घेतलेलं यंत्र

आमच्याकडं म्हैस घ्यायची झाली तर दोन धारा बघून घेतात. एक संध्याकाळची, एक दुसऱ्या दिवशी सकाळची, दोन्ही विकणाऱ्याच्या गोठ्यात, आपल्या डोळ्यांसमोर. एकाच धारेवर भरवसा ठेवला तर विकणारा आदली धार न काढता दूध कासेत तुंबवून ठेवतो, आणि आपण भरलेली कास बघून खुळ्यासारखे हसत घरी येतो. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. पण म्हशीच्या व्यवहारात मला अजून कोणी फसवलेलं नाही. म्हणून घरात फोर्कलिफ्ट घ्यायचं ठरलं, तेव्हा ती कशी बघायची हे कोणाला विचारावं असं मला वाटलं नाही.

फोर्कलिफ्ट म्हणजे कारखान्यात माल उचलायला असते ती गाडी. पुढं दोन लोखंडी सुळे असतात. ते मालाखाली घालायचे, दांडी ओढायची, माल वर जातो. आम्हाला ती मुरघासासाठी हवी होती. हिरवा मका बारीक करून पिशवीत दाबून, हवा कोंडून ठेवला की त्याचा मुरघास होतो. म्हशी तो आवडीनं खातात. इतकी वर्षं माझा मुलगा पिशवीतला मुरघास पोत्यांत भरून पाठीवर आणत होता. मग त्याची पाठ गेली. डॉक्टरनं सांगितलं, वजन उचलायचं नाही, आजही नाही आणि पुढंही नाही. गडी बघितले, तर गावातली सगळी तरणी पोरं कारखान्यांत कामाला.

एकदा जेवताना मुलगा म्हणाला, "म्हशी काढून टाकूया."

सुनेनं हातातली भाकरी ताटात ठेवली. "म्हशी माझ्या हायत. दुधाचं बिल माझ्या नावावर येतंय. तुम्ही उचलू नका, पण काढायचं नाव बी काढू नका."

मी सुनेच्या बाजूची. जनावरांवर माया वगैरे म्हणाल तर ती बेताचीच. पण म्हशी गेल्या तर आम्ही तिघं दिवसभर एकमेकांची तोंडं बघत बसणार, आणि ती काही फार बघण्यासारखी नाहीत.

मग मुलानं मोबाईलवर शोधून हमरस्त्याकडंचा एक अड्डा काढला. कारखान्यांनी काढून टाकलेली यंत्रं तिथं विकायला लावलेली असतात. आम्ही तिघंही गेलो. विकणारा मुलाच्याच वयाचा, बोलायला गोड. यंत्रं बाजारातल्या जनावरांसारखी ओळीनं उभी होती. त्यात एक पिवळी होती, अशी चकाकत होती की बघत राहावं. कोपऱ्यात एक मोठ्या चाकांचं धूड होतं. रंग उडालेला, गंज चढलेला, एक दिवा फुटलेला.

"ते कुठलं?" मुलानं विचारलं.

"वीटभट्टीवरनं आलंय."

मी म्हटलं, "त्याच्याकडं बघू नको. कातडी बघ की त्याची." म्हशीची कातडी तुकतुकीत असली तर ती अंगानं धड. केस राठ आणि निस्तेज असले तर पोटात जंत. हे मला आईनं शिकवलं होतं, आणि म्हशीच्या बाबतीत ते खरंच आहे.

पिवळी लगेच सुरू झाली. मी तिच्या सुळ्यांवर लोखंडाचे तुकडे रचायला लावले आणि ते वर उचलून तसंच धरायला सांगितलं. मग चहा मागवला.

विकणारा म्हणाला, "मावशी, गिऱ्हाईक टायर बघतंय, बॅटरी बघतंय. तुम्ही चहा पीत बसलाय."

"वजन खाली येतंय का बघायलोय."

चहा संपला तरी वजन जागचं हललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याला न सांगता, तो कुलूप काढायच्या आधी आम्ही दारात हजर. इंजिनाला हात लावून बघितला, गार होतं. म्हणजे आमच्यासाठी आधी तापवून ठेवलेलं नव्हतं. त्यानं किल्ली फिरवली आणि पिवळी सुरू झाली. दुसरी धारही पास.

तरी मी बोली मागितली. म्हैस घरी नेल्यावर बरी नाही निघाली तर आठ दिवसांत परत, अशी आमच्याकडं बोली असते.

"मावशी, ही म्हस न्हवं."

"बोली द्या पावणं, न्हायतर ऱ्हाऊ द्या."

तिथं चहा पीत बसलेले दोघं हसायला लागले. तोही हसला आणि म्हणाला, "बरं, दिली बोली."

टेंपोतून यंत्र दारात उतरलं. सुनेनं हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. मुलानं ते गोठ्याकडं वळवलं. आमचं अंगण काळ्या मातीचं, म्हशी धुतलेल्या पाण्यानं बारा महिने ओलं. यंत्र आपल्या लांबीएवढं पुढं गेलं आणि रुतलं. चाकं बारकी आणि भरीव, कारखान्याच्या फरशीवर पळायची. मुलानं जितकं रेटलं तितकं ते खाली गेलं. शेवटी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं ओढून काढलं. कुंकू तेवढं जागच्या जागी होतं.

सून म्हणाली, "आत्ती, खुर बघायचं ऱ्हायलं की."

तिचं बरोबर होतं. कातडी बघितली, कास बघितली, खुर कोणीच बघितले नाहीत. मुलगा पायरीवर बसला आणि म्हणाला, "म्हणून म्हणत होतो, काढूया म्हशी." सून पदर खोचून उभी राहिली. मी तिला म्हटलं, "चल, बोली अजून जित्ती हाय."

आम्ही दोघीच गेलो. विकणाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. "यंत्रात काय दोष न्हाय मावशी. दोष तुमच्या अंगणात हाय."

"बोलीत दोष कुणाचा ते ठरलं न्हवतं. परत घ्यायचं एवढंच ठरलंय."

त्यानं इकडंतिकडं बघितलं. चहा पिणारे दोघं आजही तिथंच होते, आणि कान देऊन ऐकत होते. त्यानं डोकं खाजवलं. "माझी आई गडमुडशिंगीत म्हशी राखतीया. बोली मोडली असं तिच्या कानावर गेलं तर मला घरात घ्यायची न्हाय. आणा परत. पर टेंपो तुमचा."

मी हो म्हणेपर्यंत सून कोपऱ्यात त्या गंजलेल्या धुडापाशी पोचली होती. चाकावर हात टेकून उभी. चाक तिच्या छातीला लागत होतं.

"आत्ती, हे खुर बघा."

अड्ड्याच्या मागं गाड्या धुवायची जागा होती, तिथं चिखल होता. यंत्र तिकडं न्यायला लावलं. ते चिखलातून जाऊन मुकाट्यानं परत आलं. मग लोखंड उचललं, चहा आला. या खेपेला चहा संपेपर्यंत वजन बोटभर खाली आलं. विकणारा म्हणाला, आतलं सील गेलंय, तेल झिरपतंय, बदलून देतो. त्यानं ते बदललं, आणि आम्ही पुन्हा चहा प्यायलो. सकाळची धार बघायला गेलो तर यंत्र गार, आणि किल्ली फिरवल्यावर दमेकऱ्यासारखं खोकलं. काळा धूर काढला, थांबलं, पुन्हा खोकलं, आणि मग नीट चालायला लागलं. आधी लाथ झाडून मग दूध सोडणाऱ्या म्हशी मी पुष्कळ बघितल्या आहेत. त्या टिकतात.

पिवळी परत देऊन हे घरी आणलं, तर चालवायचं कोणी, हा प्रश्न आला. मागं घेताना मान वळवावी लागते आणि मुलाची पाठ लगेच ओरडते.

"मी चालवतो की," सून म्हणाली. तिचं माहेर मलकापूरकडंचं. तिथं तिनं भावाचा ट्रॅक्टर चालवलेला. पण या यंत्राची मागची चाकं वळतात. ट्रॅक्टरसारखं वळवायला गेलं की ढुंगण भलतीकडं जातं. पहिल्याच दिवशी तिनं ते शेणाच्या उकिरड्यात घातलं. मुलगा पायरीवरून म्हणाला, "जरा आणखी आत ने, खत वर काढायचंच हाय." ती खाली उतरली नाही. तिथूनच म्हणाली, "उठून पुढं व्हा, न्हायतर तुम्हालाच उचलून गोठ्यात ठेवतो." तेवढ्यात कोणी तरी ट्रॅक्टर बोलवायचा म्हणालं, पण यंत्र आपलं आपण उकिरड्यातून बाहेर आलं.

आता ती ते झोकात चालवते. चौघांना न हलणारी मुरघासाची पिशवी अंगणातून तरंगत जाते आणि म्हशी माना वळवून बघतात. यंत्राला रंग द्यायचा म्हणून मुलानं डबा आणून ठेवलाय. मी अजून उघडू दिलेला नाही. खर्च कशाला, ते काही बाजारात न्यायचं नाही.

परवा जेवताना मुलगा म्हणाला, "आणखी एक म्हस बसंल गोठ्यात."

सुनेनं त्याच्या ताटात भाकरी वाढली. "आत्ती धारा बघतील," ती म्हणाली. "खुर मी बघतो."