आईच्या उशाचा खुंट

जर्कनी गावात कुणालाच आवडत नसे, आणि जर्कनीलाही गावातलं कुणी आवडत नसे. त्यामुळे त्या बाबतीत तरी फिट्टंफाट होती. सकाळी उठला की तो काठावरच्या फळीवर उभा राहायचा, हातात कॉफीचा पेला धरून, आणि बरीतो नदीला शिव्या घालायचा. साध्यासुध्या नाहीत. बाजाराला निघालेल्या बायकांच्या होड्या त्याच वेळी तिथून जायच्या. वल्हं मारताना कानावर हात ठेवता येत नाही, म्हणून बिचाऱ्या तशाच ऐकत जायच्या.

"गिळ भवाने, गिळ! रबर गिळलंस, दुरियान गिळलंस, आता मला गिळ!"

नदी काही बोलायची नाही. पण दर पावसात त्याच्या काठाचा एक तुकडा तोडून न्यायची, हे खरं होतं.

आमच्या गावापाशी नदी मोठं वळण घेते. जर्कनीच्या बापाची जमीन दोन्ही अंगांना होती. बाप गेला तेव्हा शरियतीप्रमाणे मुलाला दोन वाटे, मुलीला एक. कुठली बाजू कुणाची ते मात्र जर्कनीनंच ठरवलं. त्यानं बाहेरचा, उंच काठ घेतला. तिथे पूर चढत नाही, रबराची झाडं होती, घर होतं. बहिणीला, मस्तुराला, आतल्या वळणाचा चिखल दिला. तिथे लव्हाळं आणि जळवा, दुसरं काही नाही.

"बदकं पाळ मस्तुरे," तो सगळ्यांसमोर हसून म्हणाला होता. "नाहीतर स्वतःच पोहायला शीक."

मस्तुरा तशी कमीच बोलते. पण ऐकलेलं विसरत नाही.

आता कुणी विचारेल, की नदी बाहेरचा काठ खाते आणि आतल्या काठाला भरवते, हे होडीत जन्मलेल्या माणसाला कळू नये? कळत होतं हो! पण बापाच्या काळात काठावर राम्बाईची झाडं दाट होती, त्यांच्या मुळांनी माती धरून ठेवलेली. मग कुणीतरी बातमी आणली, की कोळशाची कंपनी याच वळणावर धक्का बांधणार. झालं! जर्कनीच्या अंगात आलं. बायकोच्या, आर्बायाहच्या, हातातल्या बांगड्या त्यानं मोडल्या आणि शेजाऱ्यांच्या काठाच्या पट्ट्या एकेक करून विकत घेतल्या. गिऱ्हाइकाला काठ मोकळा दिसावा म्हणून राम्बाई झाडून सगळी तोडली. तोडताना आर्बायाह म्हणाली, "अहो, सावली तरी ठेवा."

"सावली विकत घेतं का कुणी?" तो म्हणाला.

आणि त्याच वर्षी आई वारली.

आईला मशिदीमागच्या कबरस्तानात न्यायचं, हे सगळ्या गावानं गृहीत धरलं होतं. बाबा तिथेच होते, त्यांच्या शेजारी जागाही होती. पण जर्कनी अडून बसला. आई माझ्या घरात राहिली, माझ्याच जमिनीत राहील, म्हणाला. आणि जागा कुठे दाखवली? अगदी वरच्या कोपऱ्यात, काठापासून बरीच आत, जिथे वरच्या अंगाच्या शेजाऱ्याशी त्याचा हद्दीचा तंटा चालू होता. आमच्याकडे कबर असलेल्या जमिनीला कुणी हात लावत नाही. हद्द सरकवायची तर सोडाच, तिथे कुणी मोठ्यानं भांडतसुद्धा नाही. उशाकडे एक, पायाकडे एक असे उलीन लाकडाचे दोन खुंट ठोकले, आणि तंटा त्याच संध्याकाळी मिटला.

दुवा संपल्यावर मस्तुरा उठली. तेवढं एकच वाक्य ती बोलली, पण असं बोलली की इमाम तब्रानींनी मान खाली घातली.

"दादा, तू आई पुरली नाहीस. खुंट पुरलास."

त्यानंतर तिनं त्याच्या काठाला होडी लावली नाही. आणि तो कशाला जातोय तिच्याकडे!

धक्का झाला, पण दूर खाली, दुसऱ्याच गावात. आमच्या वाट्याला आल्या नुसत्या लाटा. कोळशाचे ढीग लादलेले तराफे दिवसभर ये-जा करायचे, आणि प्रत्येक तराफ्यामागून पाणी येऊन जर्कनीच्या उघड्या काठावर आपटायचं. धरायला राम्बाई नव्हती. आधी त्यानं विकत घेतलेल्या पट्ट्या गेल्या. मग रबर गेलं. मग दुरियानचं झाड एका दुपारी फळांसकट आडवं झालं आणि पोरांनी होड्या घालून फळं लुटली. हा काठावरून दगड मारत होता. घर त्यानं दोनदा मोडून मागे नेलं. कुणी पाहुणा आला, की नदीच्या मध्यावर बोट दाखवून सांगायचा, "ती होडी दिसते ना? तिथे माझी बाग होती." पाहुणा हसायचा. मग पाहुण्यालाही शिव्या.

समोर मात्र मस्तुराचा चिखल वाढत होता. आधी गाळ आला, मग गवत, मग जमीन झाली. तिनं वाफे उंच करून संत्री लावली. फळ असं धरलं, की बाजारातल्या बायका तिची होडी यायची वाट बघायच्या. जर्कनीला ते समोरूनच दिसायचं, रोज, डोळ्यांत कुसळासारखं.

न राहवून तो इमामांकडे गेला.

"इमामसाहेब, ती माती माझी आहे."

"मातीवर नाव लिहिलंय तुझं?"

"लिहिलंय! माझी माती लाल, तिची काळी. जा, बघा जाऊन. संत्र्यांच्या बुडाला सगळी लाल आहे."

इमाम हसले, आणि ते हसणं त्याला शिवीपेक्षा लागलं. "जर्कनी, नदीनं आणलेलं ज्याच्या दाराशी लागेल त्याचं. तुझा बापही हेच सांगायचा. तेव्हा फायदा तुमचा होता, म्हणून तुला खटकलं नाही."

"तुम्ही सगळे तिला मिळालेले आहात," म्हणून तो तरातरा निघून आला.

यंदा पाऊस थांबायचं नाव घेईना. एका सकाळी आर्बायाह पाणी आणायला गेली आणि घडा तसाच टाकून धावत आली.

"अहो, सासूबाईंच्या पायाकडचा खुंट गेला!"

तो धावला. कबरीच्या मागच्या अंगाला जमिनीत भेग पडली होती, चांगला हात जाईल एवढी. पुढचा कडा ढासळला होता. आई आता नदीच्या तोंडाशी होती. आज नाही तर उद्या जाणार, आणि गेली की कोळशाच्या तराफ्याखाली, कुठे चिखलात, कुणाला सापडणार? हा माणूस खरोखर घाबरला. ते नाकारायचं कारण नाही. तसाच अनवाणी होडीकडे पळाला.

पण खोटं कशाला बोला? होडी सोडतानाच त्याच्या डोक्यात दुसरंही काही शिजायला लागलं होतं. वल्हं मारत मधोमध येईपर्यंत ते शिजून तयार झालं.

मस्तुरा टोपल्यांत संत्री भरत होती. एवढ्या वर्षांनी भाऊ दारात आला तरी तिचे हात थांबले नाहीत.

"आईची कबर जातेय," तो म्हणाला.

आता थांबले. ती खाली बसली.

"तुझ्याकडे आणू तिला," तो घाईघाईनं म्हणाला. "इथे, पुढे. त्या नव्या भरावर, पाण्याजवळ."

"पुढेच का?"

"आईला नदी आवडायची."

"आईला नदीची भीती वाटायची, दादा. पोहता येत नव्हतं तिला. होडीत बसली की माझा हात घट्ट धरायची. तुला ठाऊक नाही, कारण तू कधी शेजारी बसलाच नाहीस." तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. "अस्सं! आई माझ्या भरावर झोपणार. मग आईच्या कबरीवर मुलाचा हक्क, कबरीभोवतीच्या जमिनीवर मुलाचा हक्क. हो ना? अरे, पाणी तिच्या पायाशी आलंय, आणि तू अजून तिच्याकडून जमीन मोजून घेतोयस?"

"तोंड सांभाळ, मस्तुरे! मी मोठा आहे."

"मग तसं वाग की! लाज नाही वाटत?"

त्यानं टोपलीतलं एक संत्रं उचललं आणि परत ठेवलं.

"आई येईल," ती उठत म्हणाली. "आजच येईल. मशिदीमागे, बाबांच्या शेजारी. इमामसाहेबांना मी सांगते. आणि तू आमच्या होडीत बसायचं नाहीस."

"मुलगा आहे मी तिचा! कबरीत उतरून मुलानंच घ्यायचं असतं."

"एकदा उतरला होतास. पुरे झालं."

दुपारपर्यंत इमाम आले, मस्तुराची मुलं कुदळी घेऊन आली. पाणी चढत असेल तर कबर हलवायला हरकत नाही, इमाम म्हणाले, आणि दुवा म्हणायला लागले. जर्कनी बाजूला उभा होता. कुणी त्याला कुदळ दिली नाही, कुणी हाकललंही नाही. हाडं निघाली ती पांढऱ्या कापडात घेतली. एवढीशी गाठोडी झाली. त्यानं दोन्ही हात पुढे केले. मस्तुरा त्याच्या हातांना वळसा घालून पुढे आली, गाठोडी घेतली आणि तान्हं मूल धरावं तशी छातीशी धरून होडीत बसली. पाठोपाठ आर्बायाह चढली. चाळीस वर्षं संसार केलेली त्याची बायको, तीही! वळून बघितलंसुद्धा नाही तिनं.

होडी सुटली तेव्हा त्याचं लक्ष खड्ड्याकडे गेलं. उशाकडचा खुंट तिथेच पडला होता.

"अगं, थांबा! खुंट राहिला! आईच्या उशाचा खुंट!"

मस्तुरानं होडीतूनच मान वळवली. आवाज चढवला नाही, पाण्यावरून नीट ऐकू आलं.

"तो तुझाच आहे, दादा. तूच ठेव."

होडी वळणाआड गेली. मागून कोळशाचा तराफा आला, लाटा आपटल्या, आणि रिकामा खड्डा कड्यासकट नदीत कोसळला. जर्कनीनं खुंट तेवढा आधीच ओढून मागे घेतला होता. उलीन जड असतं, खांद्यावर घेताना तो वाकला. आणि मग सवयीनंच तो मागे मागे जात जागा बघायला लागला. घराच्या कोपऱ्याजवळ एक जागा बरी वाटली, हद्दीला धरून होती. खुंट टेकवून तो खणायला बसला, हातानंच. चांगलं वीतभर खणलं त्यानं.

मग त्याच्या ध्यानात आलं, की खाली ठेवायला आता कुणी नाही.