मी न शिकवलेला गिअरबॉक्स

ही गोष्ट मी आजवर बायकोलाही सांगितली नाही. अमरावतीच्या ज्या सर्व्हिस सेंटरमध्ये मी इतकी वर्षं गाड्या दुरुस्त करतो आहे, तिथून ऑटोमॅटिक गिअरबॉक्स शिकायला कंपनीने मला एकट्याला पुण्याला पाठवलं होतं. परत आल्यावर बाकीच्यांना शिकवायचं, अशी आमच्याकडची पद्धत. माझ्यासोबत काम करणाऱ्या जोडीदाराने पहिल्याच दिवशी विचारलं, "काय शिकवलं बे तिकडं?"

"काही नाही रे, सगळं आपल्याले माहीतच होतं."

माझी किंमत कमी होईल, एवढीच भीती होती. त्याने विश्वास ठेवला. तेव्हापासून तसा गिअरबॉक्स आला की, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट माझ्या नावावर म्हणून, मी उघडतो आणि तो मुकाट्याने पाने हातात देतो. साहेब त्याला अजूनही ऑइल बदलायच्याच गाड्या देतात.

परवा दुसऱ्या कंपनीच्या अकोल्यातल्या वर्कशॉपने नोकरीसाठी बोलावलं, म्हणून बघायला गेलो. तिथला एक मिस्त्री, ओळख ना पाळख, त्यांच्या गाडीचा गिअरबॉक्स उघडून बसला होता. म्हणाला, "या भाऊ, पाहून घ्या. तुमी आले तं माह्यावरचा भार कमी होईन." त्याने हातचं न राखता सगळं दाखवलं. माझी मान वर होईना.

सोमवारी जोडीदाराने हसतच विचारलं, "अकोल्याले चालला म्हणे तू? मंग हा गिअरबॉक्सचा डबा कोन उघडन, तुहा सासरा?" मीही हसलो.

जायचं की नाही, ते अजून ठरत नाही. गेलो काय, राहिलो काय, त्याला तो गिअरबॉक्स शिकवणं माझ्याकडे बाकी आहे.